चाळीस किलो

भाच्याच्या नव्या छोट्या ट्रकची, वजनकाट्याच्या खिडकीतून आलेली ती पावती अजून माझ्या डायरीत आहे. पक्का नंबर तेव्हा पडायचा होता, म्हणून गाडी क्रमांकाच्या जागी काट्यावरच्या पोराने नुसतं 'नवीन' असं टाइप केलंय. खाली आकडा : २४७०. माझ्या हिशोबाने तो २४३० यायला हवा होता. पोराला मी परत वजन करायला लावलं. गाडी मागे घेतली, पुढे आणली, ड्रायव्हर खाली उतरलाय ना ते बघितलं. पुन्हा २४७०. डिझेलचा फरक म्हणावा तर तोही नाही. नुसत्या चासीचं वजन केलं तेव्हाही टाकी फुल्ल होती आणि आताही मुद्दाम फुल्ल करूनच आलो होतो. चासी, म्हणजे चाकं-इंजिनासकट नुसता सांगाडा, २०६०; त्यावर मी आखून बांधून घेतलेला, माल भरायचा हौदा ३७०. हा ३७० चा आकडा मी दोन महिने वहीत घासून घासून काढला होता. नटबोल्टसुद्धा डझनाच्या भावाने तोलले होते.

"चाळीस किलो खंयसून इले मामा?" भाच्याने विचारलं. आणि माझ्या तोंडाकडे बघत स्वतःच पुढे म्हणाला, "दोन पेटयो गेले."

पेटी म्हणजे आंब्याची. पाच डझनांची लाकडी पेटी, गवत धरून, वीसेक किलोला जाते. गाडीचं भरलेलं वजन कागदोपत्री ठरलेलं असतं, आमच्या गाडीचं पाच टनांच्या जरासं आत. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की जे उरतं तेवढाच तुमचा माल. म्हणजे हौद्यात एक किलो लोखंड कमी तर एक किलो हापूस जास्त. इतका सरळ सौदा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. पॉलिटेक्निकात सत्तावीस वर्षं पोरांना मशीन ड्रॉइंग शिकवलं, पण माझ्या एखाद्या रेघेची किंमत पेटीच्या भावात कळण्याची वेळ कधी आली नव्हती.

आम्ही तडक कोल्हापूरजवळ शिरोलीला, हौदा बांधणाऱ्या मिस्त्रींच्या शेडवर परत गेलो. शेड कसली, चार खांब आणि वर पत्रे. आत तीन हौदे अर्धवट उभे, ग्राइंडरच्या ठिणग्या, आणि सगळ्यावर रेड ऑक्साइडचा तो गोडसर वास. मिस्त्री चहा पीत होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी बशी खाली ठेवली, गाडीच्या मागे गेले आणि वाकून बोट दाखवलं. फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराच्या, आतल्या बाजूला, माझ्या ड्रॉइंगमध्ये नसलेले दोन आडवे लोखंडी चॅनल. आणि फाळक्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अँगल. पंचाहत्तर मिलिमीटरचा चॅनल मीटरला सात किलो भरतो. दोन चॅनलचेच पंचवीस झाले. बाकीचे अँगलचे, पट्ट्यांचे आणि बोल्टांचे.

"हे कोणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाई," ते म्हणाले. "सर, तुमच्या कागदावर हमाल कुठं दाखवलाय?"

मला उत्तर सुचलं नाही. वर त्यांनी असंही सांगितलं की काढायचे तर काढून देतो, गॅस कटरने दहा मिनिटांचं काम आहे, पण मग हौदा खचला की माझ्या दारात आणू नका. भाचा माझ्याकडे बघत राहिला. चॅनल तसेच राहिले, आणि तो प्रश्न कोल्हापुरातल्या घरी माझ्याबरोबर आला.

गाडीचा हौदा हा आमच्या घरात नवा विषय नाही. ताईच्या लग्नानंतर दोन वर्षांनी भावोजींनी चार-शून्य-सात घेतली, जुनी, तिसऱ्या मालकाकडून. टाटांनी ती गाडी १९८६ मध्ये आणली. तेव्हा बाजारात जपान्यांच्या हातात हात घालून चार कंपन्या उतरल्या होत्या : डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निस्सान. त्या गाड्या दिसायला देखण्या, चालायला हलक्या. भावोजी मात्र म्हणायचे, घाटात बंद पडली तर जपानी कुठून आणू? त्यांच्या गाडीचा हौदा लाकडी होता, खाली जाड फळ्या आणि फळ्यांवर पत्रा. बाजूला कमळं, मागे 'हॉर्न ओके प्लीज'. (हे मागचं २०१५ मध्ये परिवहन खात्याने राज्यात बंद केलं, तर भावोजींनी ते खरवडून तिथे नुसतं 'ओके' ठेवलं. का, ते कधी सांगितलं नाही.) तो हौदा किती जड होता हे आम्ही कधी तोललं नाही, पण एकदा तो बदलायला खाली उतरवला तेव्हा आठ माणसं लागली आणि नववा नुसता ओरडायला. लिटरला सात मिळाले की भावोजी खूश.

हंगामात देवगडजवळ जामसंड्याला ताईकडे राहायला गेलो की रात्री ती गाडी भरताना बघायची. पडवीत ट्यूबलाइट, खाली पोत्यावर बसून बायका आंबे निवडतायत, डेखाशी, म्हणजे देठाशी, चीक लागलेला बाजूला, डागी बाजूला. गवताचा कोरडा वास, नव्या पेटीच्या लाकडाचा ओला वास, आणि त्या दोघांच्या मधून कुठूनतरी येणारा पिकल्या फळाचा वास, जो खरं तर यायला नको, कारण वाटेत पिकायला लागलेली एक पेटी शेजारच्या दहा पेट्यांना घाई लावते. खिळे ठोकल्याचा आवाज थांबला की भावोजी ताडपत्री ओढायचे. आमच्या आजोबांच्या वेळी हाच आंबा आगबोटीने भाऊच्या धक्क्याला जायचा. आगबोट बंद झाली, रस्ता आला, आणि घाई वाढली. चारशे किलोमीटरच्या वर लांब असलेल्या वाशीच्या बाजारात पहाटे लागलेल्या गाडीचा भाव वेगळा आणि आठ वाजता लागलेल्या गाडीचा वेगळा. दोन गाड्यांतला आंबा एकाच कलमाचा असला तरी.

भाच्याला हीच रात्र कमी डिझेलात आणि जास्त पेट्यांत पार करायची होती. त्याची गाडी मोठी नको होती. साडेसात टनांच्या आतली हवी, म्हणजे साध्या लायसन्सवर स्वतः चालवता येते. त्यावरचा जुना वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२४ च्या नोव्हेंबरात मिटवला तेव्हा त्याने मला रात्री फोन करून बातमी वाचून दाखवली होती, जणू निकाल त्याच्याच खटल्याचा. कंपनीचा तयार हौदा त्याला नको होता. "मामा, तू कागदार काढ. मी बांदून घेतंय."

मी काढला. पहिला कागद अगदीच पुस्तकी निघाला. सगळी गाडी बंद पेटीसारखी, कोपरे गोल, केबिनच्या वर पुढे झुकलेलं कपाळ, जेणेकरून वारा आपटण्याऐवजी वरून सरकेल. मग हिशोबाला बसलो आणि माझाच कागद मला हसायला लागला. शंभर मीटरला सहा मीटर चढ धरला तर पाच टनांची गाडी तीनशे किलोच्या जोराने मागे ओढली जाते. घाटात चाळीसच्या वेगाला वारा ओढतो तो जेमतेम पंचवीस किलोने. तेच सपाटीवर ऐंशी धरले की वाऱ्याची ओढ शंभराच्या घरात जाते आणि टायरांच्या ओढीच्या दुप्पट होते. म्हणजे महाड ओलांडून पुढे पनवेलपर्यंत तुम्ही वाऱ्याशी भांडता, आणि त्याच्या अलीकडे, परशुराम, भोस्ते, कशेडी, तुम्ही स्वतःच्या वजनाशी भांडता. कशेडीच्या बोगद्याने त्यातलं एक भांडण बरंच मिटवलं. तरी नांदगाव तिठ्याला हायवेवर चढल्यापासून रस्ता खालीवर खालीवरच आहे. कोकणात सपाट काय असतं? खाडीवरचा पूल.

म्हणून कपाळ ठेवलं आणि बाकी जीव वजनावर लावला.

वजन कमी करायचं म्हणजे ॲल्युमिनियम, हे कोणीही सांगेल. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड पत्रा घ्या : लोखंडाचा पावणेआठ किलो, ॲल्युमिनियमचा दोन किलो सातशे. आमचा हौदा दहा फूट बाय सहा फूट. तीन मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याची नुसती जमीनच एकशे तीस किलो होते. चार मिलिमीटर ॲल्युमिनियम घातलं तर साठ. कागदावर हे वाचायला फार गोड लागतं. पण ॲल्युमिनियम तेवढंच ताठ राहत नाही, लवतं, आणि लवून लवून एक दिवस जोडाशी चिरतं. त्याला साधं वेल्डिंग चालत नाही, आर्गॉन लागतो, तो शेडवर नव्हता. म्हणून बाजूच्या चौकटी रिव्हेट मारून आणि बोल्टांनी जोडायच्या ठरल्या. इथे मिस्त्रींनी पहिल्यांदा माझ्या कागदावर बोट ठेवलं. हौद्याखालच्या लोखंडी रनरवर ॲल्युमिनियमचा पत्रा थेट बसवला होता मी. "गाडी कुठली? देवगडची. खारं वारं. दोन पावसाळ्यांत जोडातनं पांढरी भुकटी गळायला लागती बघा." खरंच की. दोन धातू, मध्ये मिठाचं पाणी, हे मी दर वर्षी पोरांना फळ्यावर शिकवायचो. बॅटरीच ती, फक्त आपल्याला नको असलेली. मग मध्ये रबराच्या पट्ट्या आल्या, स्टेनलेसचे बोल्ट आले, बोल्टांना नायलॉनच्या वायसर आल्या. चासीला तर भोकही पाडायचं नाही, वेल्डिंगचा ठिपकाही लावायचा नाही; हौदा यू-बोल्टने कवळायचा आणि मध्ये लाकडाची पट्टी. एवढं करूनही पुढच्या बाजूची जमीन आम्ही ॲल्युमिनियमऐवजी वॉटरप्रूफ प्लायवूडची केली. पायाला गरम लागत नाही म्हणून नव्हे, आंब्याला गरम लागत नाही म्हणून.

कारण आंबा हा माल श्वास घेतो. माझी ती गुळगुळीत बंद पेटी वाऱ्याला पसंत पडली असती, पण एप्रिलच्या दुपारी चार वाजता भरलेली गाडी आत भट्टी झाली असती. घाईसाठी बांधलेल्या गाडीने आंब्याला आढीची ऊब दिली तर वाशीला उतरेपर्यंत तो गाडीच्याही पुढे निघून गेलेला. ताईला ड्रॉइंग दाखवलं तेव्हा तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "खिडकी खंय?" मग बाजूंना खाली आणि वर झडपा आल्या, छपरावर पांढरा फायबर आला, मधला भाग उघडा ठेवून त्यावर ताणलेली ताडपत्री आली. ताणलेली हे महत्त्वाचं. फडफडणारी ताडपत्री वारा खाते आणि वर रात्रभर कानाशी टाळ्या वाजवते. एसटीने २०२० च्या टाळेबंदीत जुन्या बसमधली आसनं काढून, खिडक्यांना पत्रे ठोकून मालगाड्या केल्या, तेव्हा भाचा त्यातली एक आतून बघून आला होता. लांबलचक, रिकामी, आणि छपराला अजून उभ्याने धरायचा दांडा तसाच. त्या दांड्याचं त्याला फार वाटलं होतं. "कोन धरतलो आता?"

पासिंगचं फार सांगत नाही. मागचा लोंबता भाग दोन चाकांमधल्या अंतराच्या साठ टक्क्यांच्या आत हवा, तो होता. बाकी तीन खेटे, दोन झेरॉक्स, आणि एका साहेबांचा प्रश्न : इतका हलका का बांधला, चोरीचा माल आहे का?

पहिल्या खेपेला मी बरोबर गेलो. संध्याकाळी सहाला जामसंड्याहून निघालो, एकशे एकवीस पेट्या, भाचा चाकावर, मी मध्ये, खिडकीशी किन्नर, म्हणजे गाडीचा क्लीनर. एकोणीस वर्षांचा पोरगा, त्याच गावचा, नाव विचारलं की लाजायचा. कपाळाने आपलं काम केलं, पनवेलच्या बाजूला गाडी वाऱ्यात घुसताना जो घों आवाज जुन्या गाडीला यायचा तो आला नाही. चढणीवर भाचा एका गिअरने वर राहत होता आणि दर वेळी माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. माझं लक्ष मात्र त्या पोराच्या मानेकडे. साडेबारानंतर ती मान दाराच्या काचेवर आपटायला लागली. आपटली की जागा व्हायचा, डोळे ताणून रस्त्याकडे बघायचा, दोन मिनिटांत परत. मला भावोजी आठवले, गाडीच्या टपावर गोधडी टाकून हायवेच्या कडेला तासभर झोपणारे. त्या टपावर आता माझं कपाळ होतं, तिरकं. तिथे मांजरही झोपू शकलं नसतं.

वाशीला पहाटे चारच्या सुमारास लागलो. मला मिस्त्रींचे चॅनल बघायचे होते. हमाल आले, फाळका उघडला, आणि एकही जण त्या अँगलवर उभा राहिला नाही. पहिल्याने बाजूला झेप घेतली, झडपेच्या वर ताडपत्री अडकवायला मी जी ॲल्युमिनियमची हुकाची पट्टी दिली होती, नाजूक, चारशे ग्रॅमची, तिला हात घातला आणि स्वतःला वर ओढलं. पट्टी केळीच्या पानासारखी खाली आली. त्याने ती निरखून बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "काका, ही कुणी लावली?" मी म्हटलं, माहीत नाही. हे खोटं बोलल्याची लाज मला अजून वाटते. दुसरा वर चढून पेट्या मागे सरकवत होता, आणि एकेक पेटी फाळक्याशी दाणकन आदळत होती, बरोबर त्या दोन चॅनलच्या वर. पत्रा नुसता वाजला, हलला नाही. मिस्त्री निम्मे बरोबर होते आणि मी निम्माही नव्हतो. परतीला पंपावर हिशोब केला, लिटरला दहाला जरासं कमी. भाच्याने मला वडापाव दिला आणि स्वतः दोन खाल्ले.

परवा, म्हणजे एक पूर्ण हंगाम आणि एक पावसाळा काढून, गाडी सर्व्हिसिंगला कोल्हापुरात आली होती. कमानीचा एक पाटा बदलायचा होता. मला राहवलं नाही, म्हटलं काट्यावर घेऊ. तोच काटा, तोच पोरगा, टाकी फुल्ल, माणसं खाली. २५५०.

आणखी ऐंशी किलो.

आम्ही गाडीभोवती फिरलो. हुकाच्या पट्टीच्या जागी लोखंडी अँगल, ते ठीक, मी समजत होतो. पण चासीच्या बगलेला हत्यारांची पत्र्याची पेटी, तिच्यात पाने, जॅक आणि एक कोयती. दुसरी स्टेपनी, कारण मे महिन्यात संगमेश्वराजवळ एका रात्रीत दोन टायर गेले होते. पाण्याचा वीस लिटरचा कॅन. ओली दोरी. मागे चढायला एक पायरी, हमालांनी मागितली म्हणून. गणपतीची चौकट, तिच्याभोवती छोटे दिवे. एका बाजूला कोणीतरी रंगवलेलं कमळ. रंगाचं वजन मी धरलं नाही. आणि हौद्यात केबिनच्या पाठीशी, मी जिथे पेट्यांच्या पहिल्या थराची जागा आखली होती तिथे, प्लायवूडवर एक आडवी फळी बिजागऱ्यांवर बसवलेली, आणि फळीवर कापसाची गादी. परतीच्या रिकाम्या खेपेला फळी पाडायची, भरल्या खेपेला उचलून लावायची. फळी, बिजागऱ्या, गादी मिळून दहा-बारा किलो असेल. अर्ध्या पेटीहून जास्त.

भाचा पावती हातात घेऊन उभा होता. त्याला वाटलं मी रागावलोय. "बरा, सांग मामा," तो म्हणाला, "खंयचा काढू? तू सांगशीत ता काढतंय."

मी हौद्यात परत डोकावलो. किन्नर पोरगा गादीवर आडवा होता, एक पाय फळीच्या बाहेर, तोंडावर टॉवेल, झडपेतून उन्हाचा पट्टा त्याच्या पोटावर पडलेला.

"हळू बोल," मी म्हटलं. "झोपलाय तो."